जादा सामानाचा इतिहास

विमानात माणसाचं वजन फुकट आणि सामानाचं वजन पैशाला, हा हिशेब बी.कॉम.च्या कुठल्याही पेपरात मला कोणी शिकवला नव्हता. एकशेदहा किलोंचा गृहस्थ खुर्चीत स्वतःला कोंबून बसतो, त्याला कोणी ‘काका, वरच्या चाळीस किलोंचे वेगळे पडतील’ असं म्हणत नाही. त्याच्या शेजारची पंचेचाळीस किलोंची मुलगी मात्र परवानगीच्या पंधराऐवजी साडेसोळा किलोंची बॅग घेऊन आली, की काउंटरवर एकदम गंभीर वातावरण पसरतं. पूर्वी असा पक्षपात नव्हता. १९२० आणि ३०च्या दशकांत इंपीरियल एअरवेजसारख्या कंपन्या उतारूलाही काट्यावर उभं करीत. बायकांनासुद्धा! विमानप्रवास तेव्हा लोकप्रिय का झाला नाही, याचं कारण इतिहासकार भाड्यात शोधतात. मी काट्यात शोधतो.

आपल्याकडे जे.आर.डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून निघून जुहूला उतरले, तेव्हा विमानात पंचवीसेक किलो टपाल होतं. ना उतारू, ना क्रिकेटची किट, ना गोल्फच्या काठ्या. त्यामुळे आपली विमानवाहतूक निदान सुरू तरी भांडणाशिवाय झाली.

गोल्फच्या काठ्या मी उगाच मध्ये आणलेल्या नाहीत. मी चेंबूरचा. चेंबूर म्हटलं की परगावच्या पाहुण्यांना आर.के. स्टुडिओ आठवतो. तो २०१७च्या आगीत होरपळला आणि पुढे विकलाही गेला, हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. मग त्यांचं समाधान करायला मी बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं नाव घेतो. तो १९२७ पासून आमच्या चेंबुरातच आहे. आत मी कधी गेलेलो नाही. पण गाडीच्या डिकीतून त्या काठ्यांची पिशवी काढताना साहेबलोकांचे जे हाल होतात, ते बाहेरून पाहिले आहेत. आणि हे हाल चौदाच काठ्यांचे, बरं का! एके काळी काठ्यांना मर्यादाच नव्हती. लॉसन लिट्ल नावाचा अमेरिकन खेळाडू तर पिशवीत तीसएक काठ्या बाळगायचा. त्याची पिशवी वाहणाऱ्या पोऱ्याचं नाव इतिहासात शोधायला हवं. शेवटी अमेरिकेनं १९३८ साली आणि ब्रिटननं १९३९ साली नियम केला, की चौदांच्या वर काठी नाही. जादा सामानाविरुद्धचा हा पहिला शहाणा कायदा, आणि तो विमानवाल्यांनी केलेला नाही.

गोल्फचं सामान फुकटात न्यायची युक्ती मात्र एकालाच साधली. १९७१ साली अॅलन शेपर्ड अपोलो-१४ मधून चंद्रावर गेला, तेव्हा त्यानं काठी नेलीच नाही. काठीचं लोखंडी डोकं तेवढं मोज्यात घालून नेलं. चंद्रावरची माती गोळा करायचं एक अवजार सरकारी खर्चानं आधीच सोबत होतं. त्याच्या दांड्याला हे डोकं बसवलं आणि दोन चेंडू टोलवले. आमच्या हेडकॅशियरना ही हकीगत सांगितली, तर ते म्हणाले, “म्हणजे ऑफिसच्या स्टेशनरीचा खाजगी वापर!”

विमानांच्या आधी बोटी होत्या, आणि बोटीच्या पोटाला अंत नसतो. १८८६ साली मुंबईचा पारशी संघ क्रिकेट खेळायला विलायतेला गेला, तेव्हा ‘बॅट बाहेर राहील’ असं म्हणणारा काउंटरच अस्तित्वात नव्हता. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला थेट बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेली, तीही बोटीनंच. पण या सगळ्यांवर कडी केली ती १९२३ साली मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघालेल्या पारशी तरुणांनी. निघाले सहा, १९२८ साली जग पुरं करून परतले ते तिघं: अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. सुमारे ७१,००० किलोमीटर! जिथं रस्ता होता तिथं सायकलीनं त्यांना वाहिलं, जिथं नव्हता तिथं त्यांनी सायकलीला. दोन्हींपैकी कोणीच कोणाला पावती दिली नाही.

आपल्या पूर्वजांना हे सगळं पुढे होणार याची कल्पना असावी, अशी मला दाट शंका आहे. कबड्डीला काय लागतं? श्वास. खोखोला खांब लागतात, पण ते यजमानाच्या अंगणात. मल्लखांब तर जमिनीतच पुरलेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, पंधरा देशांचे खेळाडू आले, पण सागवानी खांब बगलेत मारून कोणाला यावं लागलं नाही. आणि कुस्ती! १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले, तेव्हा सामानाचा प्रश्न नव्हता, भाड्याचा होता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. (मी बँकेत आहे. घर गहाण ठेवायला येणारी माणसं रोज बघतो. दुसऱ्याच्या पोराच्या कुस्तीसाठी ठेवणारा अजून आलेला नाही.) खाशाबा लंगोटाएवढं सामान घेऊन गेले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक घेऊन आले. परत येताना कराडला त्यांच्या मिरवणुकीत १५१ बैलगाड्या होत्या. काट्यावर कोणी काही घातलं नाही.

आता विमानाच्या हिशेबाकडे येतो, कारण तिथे माझा अधिकार आहे. पुष्कळ वर्षं आंतरराष्ट्रीय नियम साधा होता: मागच्या वर्गाला वीस किलो, पहिल्या वर्गाला तीस आणि वरच्या प्रत्येक किलोला पहिल्या वर्गाच्या भाड्याचा एक टक्का. यातली गंमत लक्षात आली का? तुम्ही मागे बसायचं, पण तुमच्या बॅगेनं दंड भरायचा तो पहिल्या वर्गाच्या दरानं. आमच्या बँकेनं असं व्याज लावलं असतं तर रिझर्व्ह बँक धावत आली असती. सत्तरच्या दशकात अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांनी किलो सोडून नग मोजायला सुरुवात केली. मग नग केवढा? तर लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटीमीटरच्या आत. लांबी-रुंदीचा गुणाकार केला तर क्षेत्रफळ येतं, तिन्हींचा केला तर घनफळ येतं, हे मला शाळेत छडीनं शिकवलं गेलं. तिन्हींची बेरीज केली तर काय येतं, हे कुठल्या मास्तरांनी सांगितलं नाही. आता कळलं. पावती येते.

या बेरजेत सगळ्यात वाईट अडकतो तो हलका पण लांब माणूस, म्हणजे सामान. पोल व्हॉल्टची काठी घ्या. डुप्लांटिस नावाच्या स्वीडनच्या पोरानं २०२५ साली टोकियोला ६.३० मीटरची उडी मारली. असल्या उडीला पाच मीटरची काठी लागते. ती दुमडत नाही, कापून नेता येत नाही, आणि लहान विमानाच्या पोटात तिला शिरायला वाट नसते. आगगाडीत तरी कुठे सुख आहे? २०२६च्या जानेवारीत आमच्या हार्बर लाइनच्या टोकाला, पनवेलला, दोन पोल व्हॉल्टपटूंना या काठ्यांपायीच कित्येक तास स्टेशनात अडकून पडावं लागलं. आणि गंमत बघा, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला रायफलीत ब्राँझ जिंकलं, तेव्हा तो नोकरीला होता मध्य रेल्वेत, तिकीट तपासनीस म्हणून! सचिन तेंडुलकरलाही लहानपणी शिवाजी पार्कला जाताना बसचा कंडक्टर ‘किटबॅगचं वेगळं तिकीट काढ’ म्हणून छेडायचा. मुंबईत मोठं व्हायचं तर हे चुकत नाही.

आमच्या मजल्यावरची मुलगी भाला फेकते. वडील बसवर ड्रायव्हर. बायकांच्या भाल्याचं वजन सहाशे ग्रॅम, म्हणजे आमच्या सौ.च्या पर्सपेक्षा कमी. लांबी मात्र सव्वादोन मीटर. वडिलांनी प्लंबरकडून पीव्हीसीचा पाइप आणून, दोन्ही टोकांना झाकणं बसवून त्याला घर करून दिलं. गेल्या वर्षी स्पर्धेसाठी पोरीचं पहिलंच विमानाचं तिकीट काढलं, आणि काउंटरवर बोलायला कोणीतरी शिकलेलं हवं म्हणून मला बरोबर नेलं.

“मॅडम, याचं वजन सहाशे ग्रॅम आहे,” मी म्हणालो.

“सर, वजनाचा प्रश्नच नाही. लांबीचा आहे.”

आकडा सांगितला तो तिच्या तिकिटाच्या निम्म्याच्या वर होता. वडिलांनी खिशातून नोटा काढल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. दुसऱ्यांदा मोजल्यानं नोटा वाढत नाहीत, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मी माझं पाकीट काढेपर्यंत पोरगीच म्हणाली, “बाबा, राहू दे. तिथे मिळतो भाला.” आणि पाठ फिरवून आत गेली.

मिळाला भाला. तिथे सगळ्यांनाच मिळतो. पण रोज सकाळी साडेपाचला मैदानावर जो हातात असायचा तो नव्हे. तिचा चौथा नंबर आला. तिनं त्याबद्दल कोणालाही दोष दिला नाही, म्हणून मला फार वाईट वाटलं.

त्या दिवशी विमानतळावरून चेंबूरपर्यंत आम्ही दोघं आणि तो पाइप एका रिक्षात आलो. पाइप दोन्ही बाजूंनी बाहेर. सिग्नलला हवालदारानं थांबवून यात काय म्हणून विचारलं. “भाला,” म्हटल्यावर त्यानं आमच्या दोघांच्या पोटांकडे पाहिलं आणि सोडून दिलं.

यंदा ती आणि वडील कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गाडीनंच भोपाळला गेले. पाइप खालच्या बर्थखाली ठेवला होता, टोक वाटेत. चहावाला दोनदा अडखळला. रात्री तपासनीस आला, वाकून बघत राहिला.

“क्या है इसमें?”

“भाला,” पोरीनं सांगितलं.

“कितना जाता है?”

तिनं मीटर सांगितले. त्यानं जरा विचार केला, पाइपावरून पाय उचलून पलीकडे टाकला आणि वडिलांना म्हणाला, “चाचा, आप अपने पैर अंदर लीजिए. आने-जाने में तकलीफ होती है.”