मौनाचा अर्थ

इस्लामी विवाह आणि कौमार्य म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पहिल्या रात्रीची पांढरी चादर येते. ती चादर रूढीची. आणि ती काही एकट्या मुसलमानांची नाही. जुन्या धर्मशास्त्रात याच शब्दाभोवती एक वेगळाच प्रश्न दिसतो: मुलीचा होकार ओळखायचा कसा?

शास्त्रकारांनी दोन वर्ग केले. 'बिक्र' म्हणजे कुमारिका आणि 'सय्यिब' म्हणजे आधी संसार केलेली, विधवा किंवा घटस्फोटिता. सय्यिबनं तोंडानं होकार द्यायचा. बिक्र लाजेल, म्हणून तिचं गप्प राहणं हाच होकार. सय्यिबशी लग्न करण्यात कमीपणा नव्हता. पैगंबरांच्या पत्नींमध्ये कुमारिका एकट्या आयेशाच, खदीजा तर विधवा होत्या.

मेख पुढेच आहे. शाफिई पंथात बाप वयात आलेल्या कुमारिकेचंही लग्न तिच्या संमतीशिवाय लावू शकत असे. हनफी पंथात नाही. म्हणजे कौमार्यावर काही ठिकाणी नकाराचा हक्कच अवलंबून होता!

फरगाणा खोऱ्यातल्या मर्गीनानींनी बाराव्या शतकात 'हिदाया' लिहिला. त्यात म्हटलंय की उडी, जखम, पाळी किंवा वाढतं वय यांमुळे कौमार्यपटल गेलं तरी ती बिक्रच. अबू हनीफा याही पुढे जातात. चोरून संबंध झाला असला, तरी लोक तिला कुमारिका समजतात. तिला बोलायला लावून चव्हाट्यावर आणू नका, मौन पुरे. त्यांच्या दोघा प्रमुख शिष्यांना हे पटलं नाही. याच ग्रंथाचं चार्ल्स हॅमिल्टननं केलेलं इंग्रजी भाषांतर 1791 मध्ये छापलं गेलं आणि पुढे हिंदुस्थानातल्या इंग्रजी न्यायालयांत ते वापरलं गेलं.

आता फ्रान्समधली गोष्ट. वधू कुमारिका असल्याचं खोटं बोलली, म्हणून एप्रिल 2008 मध्ये लील इथल्या न्यायालयानं एका मुस्लिम जोडप्याचा विवाह रद्द ठरवला. आधार फ्रेंच दिवाणी कायद्याचा! नोव्हेंबरमध्ये दुएच्या अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. गंमत म्हणजे हनफी मतात पत्नीतल्या दोषासाठी विवाह रद्द करून घेण्याचा पर्याय पतीला नाहीच. तलाक देता येतो, पण मग मेहर द्यावा लागतो.

जुने शास्त्रकार काही स्त्रीमुक्तीवाले नव्हते. मौन म्हणजे होकार, हे मलाही पटत नाही. मुलगी लाजून गप्प बसते, तशी भीतीनंही बसते. पण निदान एकानं तरी तिची लाज झाकायची वाट शोधली होती. चादर दाखवणाऱ्यांना तेवढंही सुचलं नाही.