काठ हलतो, तेव्हा घर कुठे लिहायचे?

घराण्याचा इतिहास म्हटला की आपण सातबारा, वाडा, वतन शोधतो. पण ज्या घराची सगळी मिळकत पाण्यात, त्याचा इतिहास कुठल्या कागदावर पाहायचा? तापीकाठच्या भोई कुटुंबांचा विचार करताना आम्ही या प्रश्नापाशी अडतो.

भोयांची कामे दोन: पालखी वाहणे आणि मासे धरणे. १८६० च्या दशकात भुसावळला रेल्वे आली, पुढे मोटारी आल्या. पालखी गेली, जाळे उरले. नदी वाहती होती. कुठला डोह किती खोल, हे बापाकडून मुलाला कळे.

१९८२ मध्ये हतनूर धरण झाले. ४१ दरवाजांमागे तापी आणि पूर्णेचे पाणी चांगदेवच्या संगमापर्यंत साठले. डोह बुडाले, त्यांच्याबरोबर ते ज्ञानही. आता जलाशयात कटला, रोहू, मृगळ. साठलेल्या पाण्यात हे मासे सहसा अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये ओडिशात हिरालाल चौधरींनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवले, म्हणून आज बोटुकली विकत मिळते. बोटुकली सोडायची म्हटल्यावर ठेका आला, ठेक्यामागे सहकारी संस्था आली. संस्थेच्या यादीत सभासदाचे नाव असते, कुटुंबाचे नसते.

धंदा मात्र कुटुंबाचाच. पहाटे बाप-लेक जाळे उचलतात, आई मासे निवडून बाजार गाठते, आजोबा सावलीत फाटके जाळे सांधतात. काठावरचे पाल पावसाळ्यात वर सरकते, उन्हाळ्यात पाण्यामागे खाली उतरते. काठच हलतो, तर उतारा कशाचा काढणार?

जॉन लॉक म्हणतो, सामाईक वस्तूत श्रम मिसळले की ती आपली. उदाहरणही तो समुद्रातल्या माशाचेच देतो. पण हतनूर म्हणजे समुद्र नव्हे. इथे पाणी सरकारचे, ठेका संस्थेचा. मग बाजारात बसणाऱ्या आईचे श्रम कशात मिसळले म्हणायचे? मालकीचा वाद आम्ही इथे मिटवू शकत नाही. पण इतिहास मालकीपुरता नसतो, एवढे तर म्हणू या.

म्हणून एक विनंती. त्या आजोबांजवळ बसा, बुडालेल्या डोहांची नावे विचारा आणि लिहून घ्या. वाहत्या तापीत जाळे टाकलेली माणसे आता आमच्याच वयाची आहेत. फार दिवस हातात नाहीत.