कानाची मुदत

श्रवणयंत्राचा इतिहास म्हणजे ओझे हलके होत गेल्याचा इतिहास होय. बेथोव्हेनला १८१४ च्या सुमारास धातूचे कर्णे वापरावे लागले. १८७६ मध्ये टेलिफोन निघाला आणि त्याच विद्येच्या आधारे हचिसन या अमेरिकन संशोधकाने १८९८ मध्ये विजेचे श्रवणयंत्र केले. पण ते मेजावर ठेवण्याजोगे अवजड होते. १९४७ मधील ट्रान्झिस्टरच्या शोधानंतर यंत्र आकसत गेले आणि अखेर कानात बसले. ओझे गेले खरे. परंतु उरलेला सारा काच एकट्या कानाच्या वाट्याला आला.

म्हणूनच बारामती तालुक्यातील पणदऱ्यासारख्या गावी आजोबांसाठी हौसेने आणलेले यंत्र आठ दिवसांत कोनाड्यात जाऊन पडले, तर तो त्यांचा हट्ट होय असे आम्हांस वाटत नाही. साचा कानाला दाबतो. कान बुजल्यामुळे स्वतःचाच आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. आणि वर्षानुवर्षे शांततेला सरावलेल्या मेंदूला भांड्यांचा खणखणाट टोचतो.

यावर उपाय आहेत. आरंभी शांत वेळी तास-दोन तासच यंत्र लावावे, एकाच माणसाशी बोलावे, आणि रोज थोडा अवधी वाढवावा. टोचणारी कड घासून घेता येते. साच्यास बारीक छिद्र ठेवले म्हणजे घुमणे कमी होते. मात्र कान दुखला, सोलवटला किंवा वाहू लागला, तर यंत्र काढून डॉक्टरांस दाखवावे. तेथे सोसण्यात पुरुषार्थ नाही.

यंत्राला कानात शिरण्यास शतकाहून अधिक काळ लागला. कानाला ते आपलेसे करण्यास घरच्यांनी काही आठवड्यांची मुदत द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.