तट पाडला, नकाशा उरला : मुंबईचे भाग कसे ओळखावेत?

१/ मुंबई प्रथमच पाहायला आलेला माणूस बहुधा गेटवे ऑफ इंडिया आणि मरीन ड्राइव्हपासून आरंभ करतो. शहराच्या वयाच्या मानाने ही दोन्ही स्थळे अगदी तरुण. गेटवे १९२४ चे, मरीन ड्राइव्ह त्याहून अलीकडचा. मंडळी, मुंबईचे भाग खरोखर ओळखायचे असतील, तर आज जवळपास दिसतच नाही अशा वस्तूपासून सुरुवात करावी : किल्ल्याचा तट.

२/ या तटाला जमिनीच्या बाजूने तीन दरवाजे होते. अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट. १७१८ मध्ये उपासनेसाठी खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारा तो चर्च गेट. आज हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटन आहे, साधारण तेथेच हा दरवाजा होता. दरवाजा गेला आणि त्याचे नाव काही अंतरावरच्या रेल्वे स्थानकाला चिकटले. फोर्ट भागात 'फोर्ट' दिसत नाही, त्याचेही कारण हेच.

३/ आता आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने नकाशावर पाहा. एका ओळीत का आहेत? १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांना धडकी भरली. व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपयांची वर्गणी दिली व तटाभोवती खंदक खणण्यात आला. तोफांच्या माऱ्याला आडोसा नको म्हणून तटाबाहेरची घरे आणि झाडे हटवली गेली. पुढे ही मोकळी पट्टी वाढतच गेली. तिचे नाव एस्प्लनेड. आज तेथे पोरे क्रिकेट खेळतात. मराठ्यांच्या धास्तीने मुंबईला मैदाने मिळाली, असे म्हटले तर ती अर्धीच गोष्ट होईल, कारण पुढे फ्रेंचांची भीतीही होती. पण आरंभ वसईचाच.

४/ १८०३ च्या फेब्रुवारीत किल्ल्यात भीषण आग लागली आणि आतील वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला. मैदानांपलीकडची वस्ती त्यानंतर झपाट्याने दाटली. काळबादेवी, भुलेश्वर, पायधुनी, डोंगरी हा सारा टापू त्या पलीकडच्या शहराचा. आझाद मैदान ओलांडून काळबादेवीत शिरताच रस्ते एकाएकी अरुंद होतात, तो फरक पायांना जाणवतो. म्हणून हा टप्पा टॅक्सीने करू नये.

५/ १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात तट पाडला गेला. त्याच सुमारास, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. शहर बदलत असताना ते मराठीत टिपून ठेवणारा हा ग्रंथ आजही नवख्या माणसाचा उत्तम सोबती आहे.

६/ गजबजलेल्या जुन्या वस्तीत मधूनच एखादा रुंद, सरळ रस्ता लागतो. प्रिन्सेस स्ट्रीट किंवा सँडहर्स्ट रोड घ्या. हे रस्ते प्लेगची अपत्ये आहेत. १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत खेळावा, हा या रस्त्यांमागचा हेतू.

७/ वारा आला. पण ज्यांची घरे पाडली, ते कोठे गेले? घरे पाडण्याच्या वेगाने नवी घरे उभी राहिली नाहीत आणि गरिबांची दाटी शेजारच्या गल्ल्यांत सरकली. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती याच ट्रस्टच्या योजनेतल्या. तेथे प्रामुख्याने मध्यमवर्ग राहायला गेला. हिंदू कॉलनीची सावली सुखद आहे खरी, तिचा हिशेब मात्र मांडवीच्या बाजूनेही मांडला पाहिजे.

८/ उत्तरेकडे परळ. येथील एका वास्तूची वाट पाहा : मूळची पोर्तुगीज काळातील जेझुइटांची, पुढे इंग्रज गव्हर्नरांचे निवासस्थान, मग प्लेगचे रुग्णालय आणि १८९९ पासून हाफकिन यांची प्रयोगशाळा. गव्हर्नरांच्या या परळच्या आसपासच पुढे गिरण्यांचे भोंगे वाजू लागले आणि लालबाग-परळ-चिंचपोकळीचे 'गिरणगाव' झाले. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या थंडावल्या आणि त्यांच्या जागी मॉल व मनोरे उभे राहिले. मनोऱ्यांच्या गर्दीत एखादे विटांचे धुरांडे अजून दिसते, मान वर करावी लागते.

९/ एकच दिवस हाती असेल तर सकाळी हुतात्मा चौकातून निघा, मैदाने ओलांडा, काळबादेवी-भुलेश्वर पायी करा आणि दुपारी लोकलने करी रोडला उतरा. परतताना सीएसएमटीमागे सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या परिसरात थांबा. किल्ल्याच्या तटबंदीचा एक उरलेला तुकडा तेथे आहे.