आवाजाचा निवाडा



एखाद्याने सीडी-प्लेअरमधले चार भाग बदलून घेतले आणि तो सांगू लागला की आता आवाज मोकळा झाला, तर ते खरे की नुसते मनाचे समाधान, हे कसे ठरवावे? प्रश्न हौशी माणसांचा दिसतो खरा. पण त्याच्या पोटात एक जुना आणि मोठा प्रश्न आहे. सुरेल काय आणि बेसूर काय ह्याचा निवाडा करावयाचा कोणी, आणि कोणत्या रीतीने? महाराष्ट्राने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका पेटीच्या निमित्ताने मोठ्या हिरिरीने लढविलेला आहे. म्हणून आरंभ तिथून करू.

हार्मोनियम आपल्याकडे युरोपातून आली. तिच्या सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. पण कानाला गोड लागणारे स्वर अशा सारख्या वाटणीचे नसतात. षड्जाची कंपने सेकंदाला २४० धरली, तर पंचम त्याच्या दीडपट, म्हणजे ३६०, आणि शुद्ध गंधार सव्वापट, म्हणजे ३००. पेटीचा पंचम जवळजवळ बरोबर येतो. गंधार मात्र ३०२ च्या थोडा पुढे जातो. फरक दोन-अडीच कंपनांचा. पण तो गंधार षड्जाबरोबर धरून ठेवा, सेकंदाला नऊ-दहा झुलके येतात. तंबोऱ्यात कान मुरलेल्या गवयाला ते खुपतात.

ह्या दोषावर उपाय काढण्याचे मनावर घेतले सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी. गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. परंतु वृत्ती संशोधकाची. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांच्या गळ्यातले स्वर त्यांनी तारेवर मोजले आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. क्लेमंट्स नावाचे एक इंग्रज मुलकी अधिकारी त्यांना मिळाले, आणि दोघांच्या खटपटीतून श्रुतींची पेटी तयार झाली. आजच्या भाषेत सांगावयाचे तर हे सुधारून घेतलेले यंत्रच होय. १९१६ च्या मार्चमध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ही पेटी विद्वानांपुढे आली. मोठा वाद झाला. पंडित भातखंडे ह्यांचा ह्या मोजमापाला विरोध होता. पेटी काही सर्वमान्य झाली नाही.

पुढची गंमत अशी की दोषी ठरलेली साधी पेटीच टिकली. गोविंदराव टेंबे ह्यांच्यासारख्यांच्या हाती ती मैफलीत मानाने बसली. १९४० च्या मार्चपासून नभोवाणीने तिला दार बंद केले. ते १९७१ साली, तेही जरा किलकिलेच, उघडले. एवढ्या तीस वर्षांत खेड्यातल्या भजनाने वा शहरातल्या बैठकीने पेटी सोडली नाही.

ह्यावरून शास्त्र खोटे आणि लोक खरे असे मी म्हणत नाही. देवलांचे गणित बरोबरच होते. मुद्दा निराळा आहे. येथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. दोन आवाजांत फरक आहे काय, हा पहिला. आणि त्यांतला आवडतो कोणता, हा दुसरा. पहिला प्रश्न साक्षीपुराव्याचा, दुसरा रुचीचा. पेटीच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर स्पष्ट होते: झुलके कोणालाही ऐकू येत. भांडण दुसऱ्याचे होते, आणि ते आजही चालू राहिले तरी बिघडत नाही. सीडी-प्लेअरच्या बाबतीत मात्र आपण पहिला प्रश्न सोडविण्याआधीच दुसऱ्यावर हमरीतुमरीवर येतो.

हे यंत्र आहे तरी काय? सोनी कंपनीने जपानात १ ऑक्टोबर १९८२ रोजी ते पहिल्यांदा बाजारात आणले. तबकडीवर आवाज खोबणीच्या रूपाने नसतो, आकड्यांच्या रूपाने असतो. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजतात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवितात. यंत्राने आकडे वाचावयाचे आणि त्यांची पुन्हा विजेची लाट करावयाची. हौशी कारागीर बदल करतो तो बहुधा ह्या शेवटच्या टप्प्यात: कपॅसिटर बदलील, लहान ॲम्प्लिफायरची चिप बदलील, वीजपुरवठा सुधारील. जुना कपॅसिटर खराब झालेला असेल किंवा पुरवठ्यातून घुर्र असा आवाज येत असेल, तर दुरुस्तीने खरोखरच फरक पडतो. पण चांगल्या चालणाऱ्या यंत्रात भाग बदलून तेवढाच फरक पडला असे कोणी म्हणत असेल, तर पुरावा मागावा लागतो.

नुसत्या कानावर विसंबून चालत नाही काय? इतिहास सांगतो, चालत नाही. अमेरिकेत १९१५ पासून सुमारे दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने गावोगाव सभा भरविल्या. रंगमंचावर गायिका गात असे, मध्येच अंधार होई, आणि दिवे लागले की लोकांना कळे, गात होती ती तबकडी! लोक थक्क होत. त्यांतल्या ॲना केस ह्या गायिकेने पुढे म्हातारपणी सांगून टाकले की आपण आपला आवाज तबकडीच्या बेताने आवरून घेत होतो. श्रोते खोटे बोलत नव्हते. परीक्षाच कंपनीने मांडलेली होती.

ह्याच्या उलट उदाहरण २००७ सालचे. बॉस्टनमधील मेयर आणि मोरान ह्या दोघांनी सीडीहून वरच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत सीडीच्या मापाचा टप्पा कधी घातला, कधी काढला, आणि ऐकणाऱ्यांना ओळखावयास सांगितले. ५५४ वेळा विचारले. २७६ वेळा उत्तर बरोबर आले. म्हणजे निम्म्यालाही एकाची तूट. नाणे उडविले असते तरी एवढेच झाले असते.

आता हे आपल्या खानदेशी अनुभवाला लावून पाहू. कापसाच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली सौदा होई. व्यापारी आणि अडत्या रुमालाआड बोटे दाबून भाव ठरवीत आणि कापूस ज्याचा, तो शेतकरी तोंडाकडे बघत उभा राही. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्यानंतर धुळ्यास नियंत्रित बाजार सुरू झाला, तो अशाच गोष्टींना आळा घालण्यासाठी. तेथे जे उघडे असावयास हवे ते झाकलेले होते. आवाजाच्या बाजारात उलटे आहे: जे झाकावयास हवे ते उघडे ठेवतात. यंत्राचे नाव, किंमत, कारागिराची कीर्ती डोळ्यांपुढे ठेवून कानाला साक्ष द्यावयास लावतात. आम्ही कामगार गुप्त मतदान मागतो ते ह्याचसाठी: मत देणाऱ्यावर कोणाच्या तोंडाचे दडपण राहू नये.

तेव्हा रीत अशी ठेवावी. एक मूळ यंत्र आणि एक बदललेले, तबकडी एकच, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर तेच. दोहोंचा आवाज मीटरने मोजून एक टक्का व्होल्टच्या आत सारखा करावा. कारण जरासा मोठा आवाज कानाला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो, आणि पुष्कळशी सुधारणा एवढ्यातच असते. यंत्रे पडद्याआड ठेवावीत. कोणते लावावयाचे ते पडद्यामागच्या माणसाने नाणे उडवून ठरवावे, आणि ऐकणाऱ्याशी त्याने बोलू नये. सोळा वेळा ऐकून सोळा चिठ्ठ्या लिहाव्यात. निव्वळ अंदाजाने बारा किंवा अधिक बरोबर येण्याचा संभव शंभरात चाराहूनही कमी. तेव्हा बारा जमले तर दावा मानावा. न जमले तर फरक नाहीच असे सिद्ध होत नाही. दावा शाबीत झाला नाही, एवढेच.

कोणी विचारील, कामगार चळवळीतल्या माणसाला ह्या श्रीमंती छंदाची उठाठेव कशाला? ह्यात दोन गोष्टी गुंतल्या आहेत. पहिली पैशाची. औद्योगिक वसाहतीतला तरुणही आता जुने यंत्र घेतो आणि महिन्याचा पगार त्याच्या सुधारणेत घालतो. दुसरी मानाची. त्याला फरक ऐकू आला नाही की त्याला सांगण्यात येते, "तुझा कान तयार नाही." हे वाक्य मी निरनिराळ्या धंद्यांत ऐकले आहे. ज्याच्याजवळ पुरावा नसतो तो समोरच्याची लायकी काढतो.

कान झिजतात हे मात्र खरे आहे. धुळ्याचे यंत्रमाग, जळगावचे चटईचे माग वर्षानुवर्षे ऐकणाऱ्याच्या कानातून बारीक, उंच स्वर आधी जातात. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात गोंगाटाने येणारे बहिरेपण रोग म्हणून नोंदविले गेले, ते उगाच नव्हे. पण झिजलेला कानसुद्धा पडद्याच्या परीक्षेत आपली खरी साक्ष देतो, आणि तयार म्हणविणाऱ्या कानालाही तीच सोळा चिठ्ठ्यांची परीक्षा द्यावी लागते. तेथे शेटजी आणि फिटर एका बाकावर बसतात.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी आयुष्याची अखेर धुळ्यात केली. अस्सल कागद दाखवा, मग बोला, हा त्यांच्या कामाचा बाणा. कानाच्या साक्षीलाही तोच लावावा. परीक्षा झाल्यावर ज्याला जे गोड वाटेल ते त्याने खुशाल ऐकावे. साध्या पेटीवर प्रेम करणाऱ्या महाराष्ट्राला ते शिकविण्याची गरज नाही. एवढेच करावे की पैसे मोजण्यापूर्वी यंत्रावर पडदा टाकण्यास सांगावे. जो कारागीर आनंदाने पडदा टाकील, त्याच्याकडेच काम द्यावे.