ऊद म्हणजे नेमके काय? धूपपात्रातील खडे आणि अत्तराची कुपी

प्रभूप्रकटीकरणाच्या सणाला मत्तयच्या शुभवर्तमानातील ज्ञानी लोकांचा वृत्तांत आपण दरवर्षी ऐकतो. सोने, ऊद आणि गंधरस ही त्यांची तीन दाने लहानथोरांना मुखोद्गत आहेत. सोने कोणाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गातील एखाद्या चौकस मुलाने ‘फादर, ऊद म्हणजे काय?’ असे विचारले, की उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. आमचीही झाली आहे. ‘देवळात जाळतात ते’ एवढे उत्तर त्या मुलाला पुरले. आम्हांला मात्र पुरले नाही.

घोटाळा नावापासूनच सुरू होतो. मराठी बायबलमधील ‘ऊद’ हा शब्द मूळ ग्रीक संहितेतील ‘लिबानोस’ या शब्दासाठी योजलेला आहे. हा बॉस्वेलिया जातीच्या झाडांचा वाळलेला चीक होय. ही झाडे ओमान, येमेन, सोमालिया, इथिओपिया अशा कोरड्या प्रदेशांत वाढतात. आपल्या बाजारात मात्र ‘ऊद’ किंवा ‘लोबान’ मागितल्यास बहुधा जे मिळते, ते सुमात्रा व लाओसकडील स्टायरॅक्स या अगदी निराळ्या झाडाची राळ असते. अरब लोक अस्सल धुपाला ‘लुबान’ म्हणत. पूर्वेकडून येणाऱ्या या दुसऱ्या राळेला ते ‘लुबान जावी’, म्हणजे जावाकडील लुबान, म्हणू लागले. युरोपियनांच्या तोंडी त्याचे ‘बेंझॉइन’ झाले. त्यातून मिळालेले ते बेंझॉइक आम्ल. आणि १८३३ साली मिट्शरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे आम्ल चुन्याबरोबर तापवून जो द्रव मिळविला, त्याचे नाव बेंझीन. शाळेत रसायनशास्त्र शिकणाऱ्या आमच्या वाचकांनी षट्कोनाची ती आकृती काढताना एकदा या धुपाची आठवण करावी. भरीस भर म्हणजे अरबी भाषेत ‘ऊद’ म्हणजे लाकूड. आखाती देशांत नोकरी करणारे आपले बांधव ‘ऊद’ नावाचे महागडे अत्तर आणतात, ते आसामातही होणाऱ्या अगरू वृक्षाच्या बुरशी लागलेल्या लाकडाचे असते. एकाच शब्दाखाली अशा तीन वस्तू नांदत आहेत.

आता शुभवर्तमानातील ऊद पाहू. झाडाच्या सालीवर खाच पाडली की तिथून दुधासारखा चीक पाझरतो व हवा लागून त्याचे खडे बनतात. जखम बुजवावी, कीड आत शिरू नये, यासाठी झाडाने केलेली ही व्यवस्था आहे. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. राळ पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. उदाच्या खड्यात डिंक आणि राळ ही दोन्ही असतात आणि शिवाय उडून जाणारे सुगंधी तेलही असते. इथिओपियातील बॉस्वेलिया पॅपिरिफेराच्या खड्यात राळेचा भाग ६५ ते ८५ टक्के, तेल सुमारे ५ ते ९ टक्के आणि बाकी बहुतांश डिंक असतो. स्वयंपाकघरातील हिंग हाही अशाच तिहेरी बांधणीचा चीक आहे, हे सांगितल्यास गृहिणींना ही गोष्ट चटकन उमगेल.

सुगंधाचे गणित रेणूच्या वजनावर अवलंबून असते. हलका रेणू लगेच उडतो, जड रेणू रेंगाळतो. उदाच्या तेलातील पायनीन हे द्रव्य (रेणुभार १३६) टर्पेंटाइनमध्येही असते. लिंबाच्या सालीत असणारे लिमोनीनही त्याच्या जोडीला आहे. खडा हातावर चोळताच जी ताजी, लिंबासारखी झुळूक येते ती यांची. त्याहून जड असलेले इन्सेन्सोल (रेणुभार ३०६) मागाहून जाणवते. बॉस्वेलिक आम्ले (रेणुभार ४५६) इतकी जड आहेत, की ती नाकापर्यंत पोहोचतच नाहीत. मग जुन्या देवळात पाऊल ठेवताच ओळखू येणारा तो गंभीर वास कशाचा? याचे उत्तर २०१६ साली फ्रान्समधील नीस येथील संशोधकांनी दिले. उदात अत्यल्प प्रमाणात असलेली दोन आम्ले त्यांनी वेगळी केली व ऑलिबॅनम या उदाच्या लॅटिन नावावरून त्यांना ‘ऑलिबॅनिक आम्ले’ असे नाव पडले. शतकानुशतके उपासनेत दरवळणाऱ्या गंधाची किल्ली इतक्या उशिरा सापडावी, याचे आम्हांला नवल वाटते.

अत्तर करणाऱ्यांना ऊद दोन रूपांत लागतो. वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन केल्यास तेल मिळते. ते अत्तराला आरंभीचा तजेला देते. स्पिरिटसारख्या द्रावकात खडे भिजवून द्रावक उडवून लावला की घट्ट, काळपट अर्क उरतो. तो तळाशी राहून फुलांचे चंचल गंध धरून ठेवतो. बेंझॉइनचे महत्त्व याच कामासाठी आहे, शिवाय त्यात व्हॅनिलीन असल्याने त्याला आइस्क्रीमसारखी गोडी असते. २००२ साली एका जपानी फॅशनगृहाने ‘आविन्यों’ नावाचे अत्तर काढले. चौदाव्या शतकात पोपमहोदयांचे वास्तव्य जिथे होते त्या शहराचे हे नाव, आणि गंध कॅथलिक देवळातील धुपाचा! निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात परमेश्वराने मोशेला पवित्र धुपाचे मिश्रण सांगितले आहे. त्यात ऊद आहे, आणि हिंगाच्या कुळातील गंधाबिरूजाचा, म्हणजे गॅल्बनमचाही समावेश आहे. स्वतःच्या उपभोगासाठी असे मिश्रण करणारा आपल्या लोकांतून उच्छेदला जाईल, असेही तिथे बजावले आहे. आज गॅल्बनम पॅरिसच्या अत्तरांना हिरव्या पानांचा वास देतो. १९४७ सालचे ‘व्हाँ व्हेर’ हे अत्तर त्याच्याच जोरावर गाजले.

गंधरस (आपल्याकडील हिराबोळ) हा गुग्गुळाचा सख्खा भाऊ. वधस्तंभावर खिळण्यापूर्वी येशूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, असे मार्क सांगतो. १९९६ साली इटालियन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून गंधरसातील काही द्रव्ये वेदनाशामक असल्याचे दाखविले, तेव्हा त्या पेल्याचा हेतू अधिक स्पष्ट झाला.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. उदाच्या तेलाच्या लहान बाटल्या ‘सांधेदुखीपासून कर्करोगापर्यंत’ सर्वांवर उपाय म्हणून विकल्या जातात आणि त्यासाठी बॉस्वेलिक आम्लांचे नाव पुढे केले जाते. परंतु ही आम्ले वाफेबरोबर वर येत नाहीत. ती भांड्यातल्या गाळातच राहतात. जे बाटलीत नाही त्याचे पैसे मोजू नयेत, आणि आजारी माणसाचे औषध तर यासाठी मुळीच थांबवू नये.

देवळासाठी काय घ्यावे? धूपपात्रात शुद्ध, सुगंधी ऊद घालावा. मिश्रण असल्यास त्यात उदाचे प्रमाण अधिक असावे, असे १९८४ च्या बिशपांच्या विधिग्रंथात म्हटले आहे. परीक्षा सोपी आहे. अस्सल खडा पाण्यात घोटला की पाणी दुधाळ होते, कारण त्यात डिंक आहे. बेंझॉइन पाण्याला दाद देत नाही. स्पिरिटमध्ये जवळजवळ सगळे विरघळते. रंगीत खड्यांचा वास पिशवीतूनच उग्र येत असेल, तर वरून कृत्रिम सुगंध मारलेला आहे असे समजावे. धूर कशाचाही असो, दम्याच्या रुग्णांना तो बाधतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आम्हांला खरी काळजी झाडांची वाटते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथिओपिया, एरिट्रिया व सुदान येथील बॉस्वेलिया पॅपिरिफेराची २३ राने तपासली गेली. तीन-चतुर्थांशांहून अधिक रानांत लहान झाडेच नव्हती. म्हाताऱ्यांचे घर, पाळणा रिकामा. रोपे गुरे खातात, वणवा जाळतो. आणि वारंवार खाचा पाडलेल्या झाडावर कीड पडते व त्याचे बीही कमी रुजते. वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल, असा या अभ्यासाचा अंदाज आहे. ख्रिस्ती उपासनेतील बराचसा ऊद याच झाडाचा असतो.

याच कुळातील सालई आपल्या सातपुड्यात आणि विदर्भातील कोरड्या रानांत उभी आहे. तिच्या खड्याचा वास ओमानी उदाइतका लिंबाळ नसतो, परंतु निखाऱ्यावर तो चांगला जळतो. तिलाही खाचांचा भार सोसत नाही. म्हणून एका झाडावर मोजक्याच खाचा पाडाव्यात आणि त्यानंतर त्या झाडाला विसावा द्यावा.