पटनीची सभा आणि लेखनिकाची टिपणें

राजांचे बोल बखरकार जपतात. शिपायांचे बोल वाऱ्यावर जातात. या रूढ क्रमास इंग्लंडच्या सतराव्या शतकांतील एक अपवाद मोठा बोधप्रद आहे.

सन १६४७ च्या ऑक्टोबरांत लंडननजीक पटनी येथील सेंट मेरीच्या चर्चमध्यें पार्लमेंटच्या विजयी सैन्याची सभा भरली. पहिला चार्ल्स राजा युद्धांत हरून कैदेंत पडला होता. आतां राज्यव्यवस्था कोणत्या पायावर रचावी, हा प्रश्न होता. क्रॉमवेल अध्यक्षस्थानीं होता. लेव्हलर पक्षाच्या विचारांचा ‘जनतेचा करार’ हा मसुदा सभेपुढें आला आणि २९ ऑक्टोबरीं वाद मताधिकारावर येऊन ठेपला.

कर्नल रेन्सबरो याचें म्हणणें असें कीं, अगदीं दरिद्री इंग्रजालाहि धनवंताप्रमाणेंच स्वतःचें आयुष्य कंठावयाचें असतें. म्हणून त्याच्या संमतीवांचून कोणतेंहि सरकार त्यास बांधूं शकत नाहीं. क्रॉमवेलचा जांवई आयर्टन याचा प्रतिवाद असा कीं, ज्याचा जमिनींत किंवा व्यापारी हक्कांत कायमचा हितसंबंध आहे, त्यासच मत असावें. एरव्हीं मालमत्तेची शाश्वति उरणार नाहीं. त्यावर सेक्सबी नांवाचा शिपाई बोलला: प्राण पणास लावूनहि हक्क मिळणार नसेल, तर सैनिक केवळ भाडोत्रीच ठरले!

हा वाद विल्यम क्लार्क या लष्करी लेखनिकानें लघुलिपींत टिपून घेतला. त्याच्या मुलाकडून तीं दप्तरें ऑक्सफर्डच्या वुस्टर कॉलेजांत गेलीं. चार्ल्स फर्थ या इतिहाससंशोधकानें १८९१ ते १९०१ या काळांत त्यांतील निवडक कागद चार खंडांत छापले, तेव्हां सुमारें अडीचशें वर्षांनीं तो संवाद जगाच्या कानीं पडला.

श्रोत्यांनीं एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. टिपणें मिळालीं म्हणून वाद मिटला नाहीं. त्याच सभेंत नोकर व भिक्षेवर जगणारे यांना वगळण्याचीहि भाषा निघाली होती. तिच्या आधारें मॅक्फर्सन या विद्वानानें १९६२ सालीं लेव्हलरांची लोकशाही मर्यादितच होती असें प्रतिपादिलें. इतरांनीं तें खोडून काढण्याचा यत्न केला. स्त्रियांच्या मताचा तर त्या चर्चेंत विचारहि झाला नाहीं. पुरुषांच्या बरोबरीचा मताधिकार ब्रिटनमधील स्त्रियांना १९२८ सालीं लाभला.

१६४९ च्या मे महिन्यांत बर्फर्ड येथें बंडखोर शिपायांपैकीं तिघांना गोळ्या घालण्यांत आल्या आणि लेव्हलरांचा जोर मोडला. पक्ष हरला, परंतु त्याचें म्हणणें, प्रतिपक्षाच्या उत्तरासह, कागदावर राहिलें. हरलेल्यांना इतिहासांत न्याय मिळावा, तर त्यांचे शब्द इमानानें उतरून घेणारा कोणीतरी असावा लागतो आणि ते धूळ झाडून वाचणाराहि.